फाटकाची किल्ली

आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, गॉज, क्रेप बँडेज, कात्री, हातमोजे, सलाइनच्या दोन बाटल्या आणि चार त्रिकोणी पट्ट्या एवढे सामान असते, आणि या सगळ्याच्या वर, झाकण उघडल्याबरोबर हाताला लागेल अशी, लाल रिबिनीत ओवलेली एक पितळी किल्ली असते. नवीन आलेले पालक ती पेटीचीच किल्ली समजतात. पेटीला कुलूप नाही. जिच्यापर्यंत घाईत पोहोचायचे असते त्या वस्तूला कुलूप लावू नये, एवढे मी वॉर्डात शिकले होते. ती किल्ली मैदानाच्या मोठ्या फाटकाची आहे.

मी ३१ वर्षे परिचारिकेची नोकरी केली, त्यातली बरीचशी अस्थिरोग वॉर्डात आणि शेवटची काही कॅज्युअल्टीत. निवृत्तीनंतर चार महिने घरी बसले आणि पाचव्या महिन्यात भाचा म्हणाला, "मावशी, रविवारी सकाळी दोन तास मैदानावर येऊन नुसती बसशील का? पोरांना लागतं-बिगतं." मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मैदानावर तो गोवंडी-मानखुर्दकडच्या मुलामुलींना रग्बी शिकवतो, पोटासाठी नोकरी वेगळी करतो आणि शिकवण्याचे कुणाकडून पैसे घेत नाही. नुसते बसणे मला पहिल्या रविवारीच जमले नाही. या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. मुले मला सिस्टर म्हणतात, आणि मैदानावर भाचाही मावशी न म्हणता सिस्टरच म्हणतो. मला ते बरे वाटते, कारण मावशीचे म्हणणे हसून टाळता येते, सिस्टरचे टाळता येत नाही.

मुंबईत रग्बी म्हटले की जाणकारांना बॉम्बे जिमखान्याची पावसाळी हिरवळ आठवते. आपल्या देशात हा खेळ त्याहूनही आधी कलकत्त्यात रुजला होता, आणि तिथला गोऱ्या साहेबांचा क्लब १८७८ साली मोडीत निघाला तेव्हा त्यांनी बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवून घेतला. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे संघ १८७९पासून आजतागायत त्याच चषकासाठी खेळतात. पेटीतले सामान संपले आणि क्लबाच्या पिशवीत सत्तर रुपये निघाले की मला हटकून त्या रुपयांची आठवण होते. असो.

आमची मुले सात-सात जणांची रग्बी खेळतात, २०१६पासून ऑलिंपिकमध्ये आहे ती. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये घोटभर पाण्यापुरती विश्रांती. गरीब क्लबाला हा प्रकार सोयीचा, कारण सात पोरे आणि एक चेंडू एवढ्यावर भागते. पण इजेच्या बाजूने पाहू लागल्यावर मला यातली मेख कळली. रविवारी सकाळी आमच्याकडे आठ जणी येतात, फार तर नऊ. म्हणजे राखीव खेळाडू एक किंवा दोन. पहिली जखमी झाली की ती आनंदाने बाहेर येते. तिसरी जखमी झाली की तिच्या बाहेर येण्याने संघ अपुरा पडतो, आणि मग तिला लागलेलेच नसते. ती लपवते, मैत्रिणी लपवायला मदत करतात, प्रशिक्षकाला ते दिसत असते आणि तो क्षणभर दुसरीकडे पाहतो. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. मुलींनी महिनाभर ज्या सामन्याची वाट पाहिली तो पाचव्या मिनिटाला सोडून देणे त्याच्या जिवावर येते म्हणून. पैशाचा अभाव पेटीत दिसेल असे मी धरून चालले होते. तो दिसला तो राखीव खेळाडूंच्या रिकाम्या बाकावर.

खेळ सुरू होण्याआधी आम्ही वेचणी करतो. सगळी मुले मैदानाच्या एका टोकाला हातभर अंतराने ओळीत उभी राहतात आणि खाली मान घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. शनिवारी रात्री तिथे जे काही होते त्याचे अवशेष, म्हणजे बाटल्यांच्या काचा, बिल्ले, एखाद्या लग्नाच्या मांडवाचा गंजका खिळा, टेनिस क्रिकेटवाल्यांनी स्टंप म्हणून रचलेल्या विटा, हे सगळे सिमेंटच्या रिकाम्या गोणीत जमा होते. वेचणीमुळे चिरण्या-कापण्याच्या जखमा नक्कीच कमी झाल्या; तरी धनुर्वाताचे इंजेक्शन कुणाचे कधी झाले आहे याची वही मी ठेवते, कारण त्या मातीत कुत्री, बकऱ्या आणि माणसे सगळीच येऊन जातात. गोलपोस्ट बांबूचे आहेत, त्यांना जुन्या गाद्या गुंडाळून सुतळीने बांधल्या आहेत. त्या गाद्यांतला कापूस पावसात भिजला की फोडणी जळल्यासारखा वास येतो. पण बांबूवर आपटलेल्या कपाळाला टाके घालण्यापेक्षा तो वास परवडला.

आपल्याकडे माणूस पडला की लोक त्याला आधी उठवतात. यामागचा कळवळा मी समजू शकते, कारण पडलेला माणूस पाहवत नाही आणि तो उभा राहिला की पाहणाऱ्याच्या जिवात जीव येतो. पण मैदानावर मी सर्वांत जास्त शक्ती खर्च केली असेल ती या उठवण्याविरुद्ध. काखेत हात घालून ओढणे, तोंडावर पाणी मारणे, गाल थोपटणे, फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, दातखीळ सोडवायला चमचा घालणे आणि डोळे उघडले रे उघडले की पाणी पाजणे, हा सगळा क्रम मी पहिल्या दोन महिन्यांत एकेकदा पाहिला. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही, आणि चमच्याने दात मात्र तुटतो. श्वास नीट चालू असलेल्या आणि मानेला मार नसलेल्या बेशुद्ध मुलाला कुशीवर वळवून ठेवले आणि शेजारी कुणी शांतपणे बसून राहिले, तर अर्धे काम होते. हे शिकवताना व्याख्यान कामाला आले नाही, म्हणून आम्ही एक साधी सवय लावली: कुणी पडले आणि उठले नाही की दोन्ही संघांनी जिथे असतील तिथे एका गुडघ्यावर बसायचे आणि हात वर करायचा. पंचांना लांबून कळते, कुणी धावत येऊन अंगावर पडत नाही, आणि मुलांच्या हातांना काहीतरी काम मिळाल्यामुळे ते हात पडलेल्याच्या काखेत जात नाहीत.

मुका मार, मुरगळणे आणि ओरखडे यांचे फार सांगण्यासारखे नाही. बर्फ फाटकाबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून येतो. लादीचा तुकडा तो गोणपाटात घालून दांडक्याने ठेचून देतो आणि पैसे घेत नाही, मात्र सामना कोण जिंकले हे त्याला सांगावे लागते. ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावायचा, उघडा कातडीवर ठेवायचा नाही. हात मोडल्याचा संशय आला तर रविवारच्या पुरवण्यांसकट घडी घातलेले वर्तमानपत्र फार चांगली फळी होते, त्यावर त्रिकोणी पट्टीची झोळी. घरोघरी आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावतात, त्याला मी कधी हरकत घेतली नाही. लेपाने नुकसान होत नाही. लेपासोबत जे चोळणे येते त्याने होते, आणि हाडवैद्याने ओढून बसवलेला खांदा मी वॉर्डात इतक्या वेळा पाहिला आहे की त्या बाबतीत मला कुणाशी गोड बोलता येत नाही. दात मुळासकट निखळला तर तो मुकुटाकडून, म्हणजे एरवी तोंडात दिसणाऱ्या भागाकडून, धरायचा, मूळ घासायचे नाही आणि दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यायचा. दूध चहाच्या टपरीवर मिळते, फक्त ते गार, पिशवीतले हवे. पहिल्या वेळी आमच्या एका उत्साही पोराने दात कटिंग चहात टाकून आणला होता.

गंभीर इजा होतात त्या बहुतेक टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगाने धरून खाली पाडताना, आणि तिथे मला मराठी मुलांची एक खास अडचण दिसली. ती कबड्डीतून येतात. कबड्डीतला चांगला क्षेत्ररक्षक खाली झेपावून घोट्याची पकड करतो, आणि तेव्हा त्याचे डोके कुठे आहे याचा विचार त्याला फारसा करावा लागत नाही, कारण चढाई करणारा त्याच्यासमोर जवळच घुटमळत असतो. रग्बीत समोरचा तीस पावलांवरून भरधाव येतो. त्याच्या पायांत डोके पुढे घालून शिरणे म्हणजे धावत्या गुडघ्यावर कपाळ नेऊन ठेवणे. डोके समोरच्याच्या अंगामागच्या बाजूला हवे, गाल त्याच्या कमरेला चिकटलेला, नजर वर, मान ताठ. भाचा हे आता गुडघ्यांवर बसवून शिकवतो, मग चालत, मग हळू धावत, आणि ज्याला चालत जमत नाही त्याला सामन्यात टॅकल करू देत नाही. तो तोवर नुसता स्पर्श करून अडवण्याच्या रग्बीत राहतो. पोरे कुरकुरतात. रग्बीच्या जागतिक संघटनेनेही २०२३मध्ये सामुदायिक, म्हणजे हौशी पातळीवरच्या, खेळासाठी टॅकलची उंची छातीच्या हाडाखाली आणण्याच्या प्रयोगाला पाठिंबा दिला आहे, कारण उभ्याने, छाताडाला छाताड भिडवून केलेल्या टॅकलमध्ये डोकी एकमेकांवर आदळतात. म्हणजे फार वर नको आणि पायांतही नको. कमरेभोवतीचा जो पट्टा उरतो तो आमच्या मुलांना एका जुन्या ओढणीने बांधून दाखवावा लागतो.

हे काम प्रशिक्षकाचे आहे, माझे नव्हे, आणि ते किती मोठे आहे याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये आहे. त्यांनी २००१पासून दरवर्षी प्रशिक्षकांना आणि पंचांना इजा टाळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यानंतरच्या पाच वर्षांत मणक्याच्या कायमस्वरूपी गंभीर इजा आधीच्या प्रमाणानुसार सुमारे १९ व्हायला हव्या होत्या, त्या आठ झाल्या. त्यांतल्या स्क्रममधल्या, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हाच्या, नऊ अपेक्षित होत्या, तिथे एकच झाली. दक्षिण आफ्रिकेने याच धर्तीवर २००९मध्ये आपला कार्यक्रम सुरू केला आणि प्रशिक्षक व पंच यांना दर दोन वर्षांनी उजळणी बंधनकारक केली. तिथल्या वस्त्यांमधली मैदाने आमच्या मैदानाहून फार वेगळी नसावीत. मी भाच्याला हे आकडे वाचून दाखवले तेव्हा तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे पेटीपेक्षा माझी जबाबदारी मोठी." मी हो म्हटले. मावशी म्हणून कदाचित जरा सौम्य बोलले असते.

आता सात नंबरविषयी. मुलींची नावे मी लिहिणार नाही. पंधरा वर्षांची, अंगाने बारीक, पण पळायला लागली की मैदानाच्या कडेचे क्रिकेटवाले खेळ थांबवून बघतात. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका टॅकलमध्ये तिच्या कानशिलावर समोरच्या मुलीचा खांदा बसला. ती पडली, लगेच उठली, हसली, चिखल पुसला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. शुद्ध हरपली नव्हती, रक्त नव्हते. पण ती जागा तिची नव्हती. ती दुसऱ्या संघाच्या रांगेत उभी होती, क्षणभरच, मग कुणीतरी ओढले तशी परत आली. मी पंचांना हाक मारली.

बाजूला घेऊन मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. हे प्रश्न जगभर विचारतात: आज आपण कोणत्या मैदानावर आहोत, पहिला डाव चालू आहे की दुसरा, शेवटचे गुण कुणी केले, मागचा सामना कुणाशी झाला, तो जिंकलो का. शेवटच्या दोन प्रश्नांचा आमच्याकडे उपयोग होत नाही, कारण मागचा सामना दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो आणि तो धडधाकट मुलींनाही आठवत नाही. त्याऐवजी मी सकाळी काय खाल्ले आणि मैदानावर कुणाबरोबर आलीस हे विचारते. तिने मैदान बरोबर सांगितले. डाव चुकला. मग म्हणाली, "सिस्टर, स्कोअर काय झाला?" मी सांगितला. अर्ध्या मिनिटाने तिने त्याच आवाजात, मान तशीच जराशी कलती करून विचारले, "सिस्टर, स्कोअर काय झाला?"

मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट माझ्या पिशवीत टाकले. ही माझी जुनी युक्ती आहे. तोंडी मनाई केलेली मुलगी दोन मिनिटांत नजर चुकवून आत पळते, अनवाणी मुलगी पळत नाही. भाचा आला. आठवी मुलगी आधीच घोटा धरून बसलेली होती, म्हणजे आता सहाच उरणार होत्या. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ती म्हणतेय ठीक आहे," तो म्हणाला. "तिला विचारलंय कोणी?" मी म्हटले. कडेला उभा एक कॉलेजचा मुलगा म्हणाला की टीव्हीवर तर खेळाडूला आत नेतात, तपासतात आणि परत पाठवतात. ते खरे आहे. व्यावसायिक सामन्यात १२ मिनिटांची ती तपासणी असते, पण तिथे डॉक्टर असतो, पुन्हा पुन्हा फिरवून पाहायला चित्रीकरण असते आणि त्या खेळाडूच्या निरोगी स्थितीतल्या चाचणीचे आकडे आधीच नोंदवलेले असतात. आमच्याकडे मी आणि एक प्लास्टिकची खुर्ची. म्हणून सामुदायिक खेळाचा नियम सरळ आहे: संशय आला की बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही.

या नियमामागे एक मुलगा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसचा बेन रॉबिन्सन, वय वर्षे १४. जानेवारी २०११मधल्या एका शालेय सामन्यात त्याला डोक्याला मार लागला, मैदानावरच तपासले गेले, तो खेळत राहिला, पुन्हा मार लागला आणि सामना संपता संपता तो कोसळला. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला तर मुलांच्या मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडले की हातात फारसे काही उरत नाही. त्याच्या वडिलांनी पुढची अनेक वर्षे हाच विषय लावून धरला. २०२३ साली ब्रिटनने सगळ्याच हौशी खेळांसाठी समान मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूने निदान २१ दिवस सामना खेळू नये असे त्यांत म्हटले आहे. आम्ही तोच आकडा धरतो. त्या दिवशी मी भाच्याला यातले काहीच सांगितले नाही. एवढेच म्हटले की बूट माझ्याकडे आहेत. आम्ही सहा जणींनी तो सामना पूर्ण केला आणि हरलो.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू झाली. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई चार घरची धुणीभांडी करते. मला पाहून ती आधी घाबरली आणि मग तिने पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात धाव घेतली, तिथे सीटी स्कॅन झाला आणि तो नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी तोच कागद तिने माझ्यापुढे धरला. "काही नाही निघालं, सिस्टर." सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. पण उधारीवर रिक्षा करून, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून मिळवलेल्या कागदावर 'नॉर्मल' असा शिक्का असताना माझ्यासारखीने येऊन तीन आठवडे खेळ बंद म्हणणे तिला पटावे तरी कसे? मी तिला कणकेच्या गोळ्याचे उदाहरण दिले. डब्यात गोळा ठेवून डबा जोराने हलवला, तर डब्याला पोचा येत नाही, गोळ्याला भेगाही पडत नाहीत, पण गोळा होता तसा राहत नाही. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग शाळेत जाऊ दे?"

हा प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर सोपे नव्हते. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणत. आता तसे म्हणत नाहीत. पहिले एक-दोन दिवस बेताचा आराम, मोबाइल शक्य तितका कमी, मग हळूहळू चालणे, शाळा, हलका व्यायाम, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. कागदावर हे फार समंजस वाटते. पण या पायऱ्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर असते आणि त्या घरात मुलीची एक खोली असते. सात नंबर दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांसोबत राहते, शेजारच्या भिंतीपलीकडे भरतकामाची यंत्रे रात्री अकरापर्यंत चालतात, आणि पहाटे पाचला नळाच्या रांगेत दोन हंडे घेऊन तीच उभी राहते, कारण आई त्या वेळी पहिल्या घरी निघालेली असते. हंडे उचलताना तिचे डोके ठणकत होते हे तिने मला चौथ्या दिवशी सांगितले. आरामाचे तक्ते बनवणाऱ्यांनी हंड्याची पायरी कुठे घातलेली मला दिसली नाही.

शेवटी तोडगा मुलींनीच काढला. आठवडाभर पाणी भरण्याची पाळी संघातल्या तिघींनी वाटून घेतली. त्यांतली एक त्याच गल्लीतली होती, दोघी दहा मिनिटे चालत यायच्या. मी वहीत रोज सकाळी फोनवरून विचारून डोकेदुखी, मळमळ, झोप आणि चिडचिड यांची नोंद करत होते. नवव्या दिवशी डोके दुखायचे थांबले. त्यानंतर तिला पळू दिले, मग चेंडू दिला, अंगाला अंग भिडण्याचा खेळ मात्र २१ दिवस उलटल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर. बूट तोवर माझ्याकडेच होते. ते मी एकदा धुतलेसुद्धा.

किल्लीची हकीगत याच्याही दोन वर्षे आधीची आहे. एक मुलगा टॅकलनंतर पालथा पडला आणि उठला नाही. मी पोहोचले तेव्हा तो शुद्धीवर होता, श्वास व्यवस्थित चालू होता आणि तो म्हणत होता की मान दुखतेय आणि बोटांना मुंग्या येतायत. अशा वेळी श्वास आधी आणि मान नंतर. श्वास अडला असता तर मान जपत का होईना त्याला उताणे करावेच लागले असते. श्वास चालू होता, म्हणून तो होता तसाच ठेवला. मी त्याच्या डोक्याशी पालथी पडले, कोपरे चिखलात रोवली आणि दोन्ही तळव्यांनी डोके धरले, बोटे पसरून, कान उघडे राहतील अशी, म्हणजे मी काय बोलते ते त्याला ऐकू यावे. एकदा डोके धरले की दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हातात देईपर्यंत सोडायचे नसते. कुणीतरी चादर आणली, कुणीतरी रिक्षा आत आणू या म्हणाले, मुलाचा काका त्याला खांद्यावर घ्यायला निघाला. भाच्याने त्याला अडवले, १०८ क्रमांक फिरवला आणि अँब्युलन्स तशी वेळेत आली.

ती मोठ्या फाटकापाशी येऊन थांबली, कारण फाटकाला कुलूप होते. मैदानात आम्ही जातो ते छोट्या फिरत्या फाटकातून, ज्यातून एका वेळी एक माणूस जातो आणि स्ट्रेचर काही केल्या जात नाही. मोठ्या फाटकाची किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार नाश्त्याला, त्याचा फोन लागेना. मी २५ मिनिटे तशी पडून होते. पाऊस थांबून ऊन आले होते, एका मुलीने आमच्या दोघांवर छत्री धरली. माझ्या मनगटावर मुंग्या चढल्या, काळ्या, चावऱ्या नव्हेत, आणि मी त्या झटकू शकत नव्हते, त्या माझ्या हातावरून त्याच्या कानापर्यंत जायच्या आणि तो विचारायचा, "सिस्टर, कानाला मुंग्या येतायत का खऱ्या मुंग्या आहेत?" मी म्हणायचे, खऱ्या आहेत. शेवटी समोरच्या गॅरेजवाल्याने कटर आणून कुलूप कापले. सहा जणांनी मिळून, मी तीन म्हटल्यावर, त्याला एकसंध लाकडाच्या ओंडक्यासारखे फळीवर घेतले. मानेचे हाड शाबूत निघाले. नस ताणली गेली होती, बोटे दोन दिवसांत पूर्ववत झाली. माझी कोपरे मात्र महिनाभर दुखत होती.

पुढच्या आठवड्यात दुसरी किल्ली मागणारा अर्ज केला. बाहेरच्यांना किल्ली देता येत नाही असे उत्तर आले. दुसरा अर्ज केला, त्याला कापलेल्या कुलपाचा फोटो जोडला. चार महिन्यांनी किल्ली मिळाली. तेव्हापासून नाणेफेकीच्या आधी चार गोष्टी मोठ्याने बोलल्या जातात: किल्ली कुणाकडे, फोन कोण करणार, चौकात अँब्युलन्सला वाट दाखवायला कोण उभे राहणार आणि डोके कोण धरणार. चौकातल्या पोराला नारिंगी बनियन देतो, म्हणजे चालकाला तो लांबून दिसावा. पाहुण्या संघांना हे सुरुवातीला हास्यास्पद वाटते. एका प्रशिक्षकाने मला विचारले होते की तुम्ही सामना खेळायला आलात की कुणाला पोहोचवायला.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी सात नंबरने सवयीप्रमाणे किल्ली नेऊन फाटकाला लावली आणि ती परत आली. किल्ली फिरत नव्हती. मी जाऊन पाहिले. कुलूप नवे कोरे होते, चकचकीत, आधीच्याहून मोठे. रखवालदारही नवा होता आणि त्याला आमच्याविषयी कुणी काही सांगितलेले नव्हते. पाहुणा संघ अंग गरम करून उभा होता, त्यांना अकराची लोकल पकडायची होती. पंच पोरसवदा होते, त्यांनी शिट्टी हातात घेऊन एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. भाचा काही न बोलता स्कूटर काढून रखवालदाराच्या मुकादमाचे घर शोधायला गेला. पंचांनी शिट्टी खिशात टाकली आणि ते माझ्या शेजारी पेटीवर येऊन बसले. मुलींनी तेवढ्यात मैदानाची दुसऱ्यांदा वेचणी केली, आणि पहिल्या वेळी सुटलेले काचेचे दोन तुकडे आणून माझ्यासमोर ठेवले.